गणपतीची रजा, शेजारचा माड आणि जुलैतले पाहुणे
(वाचकांचे प्रश्न)

आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, तोंडावर येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी सारखाच असतो. कौले शाकारायची राहिली आहेत, शेजाऱ्याच्या झाडाची भीती वाटू लागली आहे आणि कचेरीत पुढच्या रजांची कुजबुज सुरू झाली आहे. कोकणातील बाणकोटपासून रेडीपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली असून लांबलेली पत्रे थोडी आवरती केली आहेत.

प्रश्न : मी रत्नागिरीतील एका शासकीय कार्यालयात आस्थापनेचे काम पाहतो. आमच्याकडे अकरा कर्मचारी आहेत. त्यांपैकी सात जण याच जिल्ह्यातले आणि चौघे घाटावरचे आहेत. गणपतीत सातही जणांना एकाच वेळी रजा हवी असते, तर दरवर्षी कार्यालय आम्हीच का सांभाळायचे, असे चौघांचे म्हणणे असते. गेल्या वर्षी यावरून दोन सहकाऱ्यांमध्ये अबोला धरला गेला आणि तो अजून सुटलेला नाही. रजेची यादी सर्वांना पटेल अशी कशी करावी?

उत्तर : हा प्रश्न ऑगस्टमध्ये हाती घेतला तर तो सुटत नाही, कारण तोपर्यंत प्रत्येकाने घरी शब्द दिलेला असतो, मुंबईच्या भावाने गाडीचे आरक्षण केलेले असते आणि भटजींना वेळही सांगून झालेली असते. भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणत्या तारखेला येणार हे पंचांगात कितीतरी आधी छापलेले असते, तेव्हा यादी जूनमध्येच करायला काही हरकत नाही.

यादीत ‘गणपतीची रजा’ असा एकच रकाना मात्र ठेवू नका. आपल्याकडे कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच दिवसांचा, कोणाचा गौरीबरोबर जाणारा, तर कोणाचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा असतो आणि प्रत्येक घराची खरी निकड वेगवेगळ्या दिवशी असते. दीड दिवसाच्या गणपतीवाला विसर्जन करून तिसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतो. ज्याच्या घरी गौरी असतात, त्याची ओढाताण अनुराधा नक्षत्रावरील आवाहनापासून मूळ नक्षत्रावरील विसर्जनापर्यंतच्या तीन दिवसांत होते आणि पहिल्या दिवशी तो दुपारपर्यंत मोकळा होतो. मूळ घरचा गणपती भावाभावांत पाळीने असेल, तर ज्याची पाळी त्याला पूर्ण रजा मिळावी आणि बाकीच्यांनी दर्शनापुरते जाऊन यावे. हे सर्व प्रत्येकाला विचारून कागदावर मांडले की, सात जणांची एकाच वेळची मागणी पुष्कळदा तिघाचौघांवर येते. नैमित्तिक रजा वर्षाला आठच मिळतात आणि अकरा दिवस राहायचे तर अर्जित रजा खर्ची घालावी लागते, याची आठवण करून दिली की, आणखी एखादा जण आपणहून मागे सरतो.

घाटावरच्या सहकाऱ्यांची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. गणपती हा आपला मोठा सण आहे म्हणून तो सर्वांचाच तितका मोठा असावा, असे आपण गृहीत धरतो आणि त्यांच्या बेंदराच्या किंवा आषाढीच्या रजेच्या अर्जावर ‘काम पाहून ठरवू’ असा शेरा मारतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला जाणाऱ्याची ओढ आपल्या ओढीहून कमी नसते. (जोतिबाचे देऊळ ज्या गावी आहे, त्याचे नाव वाडी रत्नागिरी, हे त्या चौघांपैकी एखाद्याने तुम्हाला एव्हाना ऐकवलेच असेल.) म्हणून जूनच्या बैठकीत स्थानिकांनी त्यांना हव्या त्या दिवसांची नावानिशी हमी द्यावी आणि ती त्याच कागदावर लिहावी. आषाढी गणपतीच्या आधी येते, म्हणजे शब्द आधी स्थानिकांना पाळावा लागेल. या व्यवस्थेतले हे कलम मला सर्वांत उपयोगाचे वाटते.

‘ज्याचा अर्ज आधी, त्याची रजा आधी’ हा नियम दिसायला निःपक्षपाती असला तरी त्याचा फायदा आस्थापनेच्या टेबलाजवळ बसणाऱ्यालाच होतो. तुम्ही स्वतःच त्या टेबलावर आहात. तेव्हा आपले नाव यादीत सर्वांत शेवटी लिहा, म्हणजे यादीवर विश्वास बसायला वेळ लागणार नाही. शिमग्याला ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण पालखी कोणत्या वाडीत आणि कोणाच्या अंगणात कधी यायची हे गावकरी व मानकरी बसून ठरवतात आणि ते बऱ्याचदा उशिरा कळते. त्या दिवसांसाठी यादीत दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात.

राहिला त्या दोघांमधला अबोला. तो समजुतीच्या बैठकीने सुटेल असे मला वाटत नाही, कारण बैठकीत दोघेही आपापली बाजू आणखी एकदा पाठ म्हणतील. त्यापेक्षा रजेच्या काळात एकाचे टेबल दुसऱ्याने सांभाळायचे, अशी त्या दोघांची जोडी लावा. प्रलंबित कागद सोपवताना माणसाला चार वाक्ये बोलावीच लागतात आणि ती कामाची असल्यामुळे कोणाला कमीपणाही वाटत नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांचा एक माड गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून असून तो आमच्या पडवीवर कलला आहे. गेल्या पावसाळ्यात नारळ पडून पडवीची कौले फुटली. झाड आजोबांनी लावलेले आहे, ते तोडणार नाही, असे शेजारी सांगतात. आम्ही भरपाई म्हणून आमच्या हद्दीत पडलेले नारळ ठेवून घेतो आणि त्यावरून आता दोन्ही घरांतील बायकांचेही बोलणे कमी झाले आहे. कायदा आमच्या बाजूने आहे का? (वेंगुर्ले तालुका)

उत्तर : कायदा अर्धा तुमच्या बाजूने आहे आणि अर्धा त्यांच्या. ज्या जमिनीत बुंधा, त्या जमिनीच्या मालकाचे झाड असते आणि त्याचे फळ तुमच्या अंगणात पडले म्हणून ते तुमचे होत नाही. म्हणजे नारळ ठेवून घेण्याचा हक्क तुम्हाला नाही. दुसरीकडे, झाड धोकादायक आहे हे सांगूनही मालकाने काहीच केले नाही आणि त्यामुळे नुकसान झाले, तर ते भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आंब्या-फणसाच्या फांद्या हद्दीवर आल्या तर हद्दीपर्यंत छाटता येतात. माडाला फांद्याच नसल्यामुळे ती वाट येथे बंद आहे.

म्हणून आधी झाडाचा विचार करू. माडाला साधारण दर महिन्याला एक नवी पोय (फुलोरा) येते आणि फुलापासून पक्का नारळ तयार व्हायला सुमारे वर्ष लागते. त्यामुळे झाडावर निरनिराळ्या वयाचे घड कायम असतात आणि वर्षातून एकदा नारळ पाडून धोका टळत नाही. मृगाच्या आधी एकदा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा एकदा पाडेली बोलावून पक्के नारळ उतरवावेत आणि त्याच वेळी सुकलेल्या झावळ्याही काढून घ्याव्यात, कारण वाऱ्यात नारळाइतकेच नुकसान झावळीही करते. कललेल्या झाडाला विरुद्ध बाजूच्या भक्कम झाडाशी तारेच्या दोराने ताण देऊन बांधण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. बुंध्याभोवती जुन्या टायरचा तुकडा घालून मग दोर बांधला की, खोडाला काचत नाही. पावसात मुळाजवळची माती फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली, किंवा कल वाढत असल्याचे जाणवले, तर मात्र आजोबांची आठवण बाजूला ठेवावी लागेल. त्या स्थितीत छायाचित्रांसह ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

आता बोलण्याचा भाग. ठेवून घेतलेले नारळ आधी परत करा. खर्च झाले असतील तर तेवढेच विकत आणून द्या. हे पचायला जड जाईल याची मला कल्पना आहे, परंतु तुमच्या पत्रावरून असे दिसते की, शेजाऱ्यांना फुटलेल्या कौलांचा विसर पडला असून त्यांना फक्त नारळ आठवतात, आणि तुम्हीच त्यांना ती सोय करून दिली आहे. नारळ दिल्यानंतर बोलायला एकच विषय उरतो. पाडेलीची मजुरी मालकाने द्यावी, कौलांचा खर्च दोघांनी वाटून घ्यावा, असे मी सुचवीन. कौलांचा पूर्ण खर्च मागण्याचा अधिकार तुम्हाला असेलही, पण एवढ्यासाठी दिवाणी न्यायालयात गेलात तर पहिल्या तारखेच्या जाण्यायेण्यातच कौलांचे पैसे संपतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत एक सहकारी दुपारी मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम करतात. खोली वातानुकूलित असल्याने वास संध्याकाळपर्यंत राहतो. व्यवस्थापकांकडे तक्रार केली तर मी शाकाहारी असल्यामुळे करते असे होईल. (चिपळूण)

उत्तर : व्यवस्थापकांकडे जाऊ नका, त्या सहकाऱ्यांशीच बोला आणि ‘सुकट आणू नका’ असे न म्हणता ‘बंद खोलीत गरम करू नका’ एवढेच म्हणा. सुकटीची चटणी किंवा सुके गरम न करताही उत्तम लागते, हे त्यांना मासे खाणारा दुसरा कोणीही सांगेल. मी स्वतः सुकटीचा भक्त आहे आणि तरीही बंद खोलीतला तो वास मला सोसत नाही, त्यामुळे तुमच्या तक्रारीचा शाकाहाराशी फारसा संबंध नाही.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर सातबारावर वारस नोंद करण्यासाठी मी मुंबईहून अनेकदा गावी आलो. कधी साहेब बैठकीला गेलेले असतात, कधी एखादा कागद कमी असतो. उताऱ्यावर आधीच वीसहून अधिक नावे आहेत. यावर उपाय काय? (लांजा तालुका)

उत्तर : तुमच्या पत्रात अर्ज कोणत्या तारखेला दिला आणि त्याची पोच मिळाली का, याचा उल्लेख नाही, त्यामुळे बहुधा तुमच्या फेऱ्या तोंडी विचारपूस करण्यातच गेल्या असाव्यात. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन करता येतो, म्हणजे पहिल्या फेरीची गरज राहत नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि चालू उतारा एवढे तयार ठेवा. नोंद धरल्यानंतर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. ते दिवस कोणाच्याही ओळखीने कमी होत नाहीत, त्यामुळे त्या काळात गावी येऊन बसण्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांची यादी, त्यांची कालमर्यादा आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच मिळाली की ही मर्यादा मोजता येते आणि ती उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. पोच नसेल तर यातले काहीच करता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘साहेब आहेत का’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी ‘आवक क्रमांक द्या’ असे म्हणावे.

वीसहून अधिक नावांचे दुखणे वेगळे आहे आणि ते कचेरीचे नाही, आपले आहे. सहहिस्सेदार मुंबई, ठाणे आणि पुण्यात पांगलेले असतात आणि त्यांच्यापैकी काहींचे वारसही अद्याप लागलेले नसतात. चुलत्यांची नोंद राहिली असेल तर ती त्यांच्या मुलांनी याच वेळी करून घ्यावी, असा निरोप तुम्हीच द्या. सर्व जण एकत्र भेटण्याची हमखास वेळ गणपतीचीच असते. त्या दिवसांत आरतीनंतर हा विषय काढणे काहींना खटकेल, पण दुसरा मुहूर्त मला तरी माहीत नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही देवगड तालुक्यातील मूळ गावी कायमचे राहायला आलो. दोन पावसाळे झाले तरी भेटेल तो माणूस ‘कधी इलास? जातलास कधी?’ असेच विचारतो. शिवाय शेजारच्या बायका मागील दाराने थेट स्वयंपाकघरात येतात, त्याचा पत्नीला त्रास होतो.

उत्तर : चाकरमान्याला हा प्रश्न विचारण्यामागे हिशेब होता. मुंबईचा माणूस किती दिवस राहणार यावर तांदूळ किती कांडून आणायचे, खोली कोणती झाडायची आणि परतताना त्याच्याबरोबर काय काय पाठवायचे, हे ठरत असे. हिशेब आता उरलेला नाही, विचारण्याची सवय तेवढी उरली आहे. तिच्यावर रागावून उपयोग नाही आणि ‘आम्ही आता इथलेच’ हे सांगूनही फारसे कोणी ऐकत नाही. मतदार यादीतील नाव नमुना ८ भरून गावात आणा, शिधापत्रिका इकडे करा, देवळातल्या सप्ताहात एका प्रहराची जबाबदारी घ्या आणि वाडीचा व्हाळ (ओढा) साफ करायला माणसे जमतील तेव्हा घरातून फावडे घेऊन जा. ज्याने गावाच्या कामात घाम गाळला आहे, त्याला ‘जातलास कधी’ असे विचारायला लोक आपोआप विसरतात.

मागील दाराबाबत तुमच्या पत्नीची बाजू मी समजू शकतो. मुंबईच्या दोन खोल्यांतही तिला दार लावून घेण्याची मुभा होती. कोकणातल्या घरात मागील दार हा विहिरीकडे, परसात आणि शेजारी जाण्याचा बायकांचा रस्ताच असतो, आणि तो बंद केला तर ‘शहाणपणा आला’ असे ऐकावे लागेल. संध्याकाळी घटकाभर पुढच्या ओटीवर बसण्याचा परिपाठ ठेवा. ज्यांना गप्पांसाठी यायचे असते त्या बायका ओटीवर येतील आणि दुपारच्या वेळी मागून येणारी फक्त विरजण किंवा कढीपत्ता मागायला येईल. ती येण्यात तुमचाही फायदा आहे, कारण दुसऱ्या वेळी मागायला तुम्हाला जायचे असते.

प्रश्न : मी घरून एका पुण्याच्या कंपनीचे काम करते. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात आणि वरिष्ठांना ती सबब वाटते. (सावंतवाडी तालुका)

उत्तर : वरिष्ठांना पहिल्या पावसाआधीच लेखी कळवा, नंतर सांगितलेली खरी अडचणही सबबच वाटते. झाडांच्या फांद्या उघड्या तारांवर पडतात आणि दुरुस्तीला माणूस पोहोचेपर्यंत वेळ जातो, हे त्यांना एकदा सविस्तर समजावून सांगा. वीज गेल्यानंतर मोबाइलची रेंज लगेच जात नाही, टॉवरची बॅटरी काही तास तग धरते. ते पहिले दोन तास पत्रे आणि फायली पाठवण्यासाठी राखून ठेवा आणि ज्याला नेटची गरज नाही ते काम नंतर करा. राउटर फारच थोडी वीज खातो, त्यामुळे त्याच्यापुरता छोटा यूपीएस पुरतो. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक वरिष्ठांना कळवला की, शंकेला फारशी जागा राहत नाही.

प्रश्न : दरवर्षी जुलैत मुंबईचे नातेवाईक पाऊस पाहायला येतात आणि ताज्या सुरमईचा हट्ट धरतात. त्यांना काय सांगावे? (गुहागर)

उत्तर : १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या त्यातून वगळल्या असल्या तरी त्या उधाणात सुरमईच्या मागे जात नाहीत. त्या दिवसांत बाजारात दिसणारी सुरमई बहुधा बर्फातली असते आणि तिचे पैसे ताज्याचे घेतले जातात. पाहुण्यांना खाडीतले मासे द्या, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके करा आणि आगोटीत भरून ठेवलेल्या सुक्या बोंबलांची आमटी करा. मुंबईत ती हल्ली कोणी मनापासून करत नाही. चढणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे हे पहिल्या पावसातले मोठे सुख असले तरी ते अंड्यांवर आलेले असतात, म्हणून पाहुण्यांच्या हौसेसाठी व्हाळात रात्रभर उभे राहणे मला पटत नाही. इतके करूनही सुरमईच हवी असेल तर त्यांना ऑगस्टमध्ये बोलवा. तेव्हा मात्र तुमच्या घरी श्रावण पाळतात की नाही, हे आधी पाहून घ्या.